घाट उतरून समुद्राचा अभ्यास करताना: परवानगीपासून परतफेडीपर्यंत

कराडहून सकाळी निघालेली गाडी पाटण आणि कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरते आणि चिपळूणवरून पुढे दाभोळच्या खाडीवर पोचते. याच वाटेने, पण डोंगराच्या पोटातून, सातारा जिल्ह्यातले पाणीही समुद्राकडे जात असते. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातले पाणी बोगद्यांतून पोफळीकडच्या वीजगृहांत पडते, वीज देऊन वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळपाशी अरबी समुद्रात शिरते. या पश्चिमेकडच्या वळवणीसाठी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी इतके पाणी मान्य केले होते. धरणाखाली सोडलेले पाणी मात्र कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, सांगलीवरून आणि हरिपूरच्या वारणा संगमावरून पुढे जात आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला पोचते. एकाच धरणाचे पाणी दोन्ही समुद्रांना मिळत असताना आमच्या भागातल्या महाविद्यालयांत समुद्रविज्ञानाचे प्रकल्प होतात याचे कोणाला नवल वाटू नये.

हा लेख अशा प्रकल्पांसाठी आहे. प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र विभागातले पदव्युत्तर विद्यार्थी, पीएच.डी.चे संशोधक आणि त्यांचे मार्गदर्शक जेव्हा खाडीचे पाणी, पुळणीवरची वाळू, मासळी किंवा मच्छीमारांच्या मुलाखती घेऊन परततात, तेव्हा कोणत्या टप्प्यावर कोणती नैतिक जबाबदारी येते आणि ती प्रत्यक्षात कशी पार पाडायची, हे क्रमाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे. संशोधनातील नीती म्हटले की आपल्याकडे वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल एवढेच डोळ्यांसमोर येते. तो अहवाल शेवटच्या आठवड्यातला असतो. जबाबदारी त्याच्या कितीतरी आधी, गाडी ठरवण्याच्याही आधी सुरू होते.

आरंभी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी एका बंदरावर आम्ही जाळ्यात येणाऱ्या प्लास्टिकविषयी प्रश्नावली भरून घेत होतो. एका वयस्क तांडेलांनी, म्हणजे नौकेच्या प्रमुखांनी, सर्व प्रश्नांची उत्तरे शांतपणे दिली आणि शेवटी विचारले, “सर, मागच्या साली पण घाटावरची पोरं येऊन नावं लिहून घेऊन गेली. त्याचं पुढं काय झालं?” मागच्या वर्षीची ती मुले आमच्याच विभागातली होती, प्रबंध मंजूर होऊन कपाटात गेला होता आणि बंदरावर त्याचे एक पानही पोचलेले नव्हते. त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे लिहिलेले बहुतेक सर्व त्या न दिलेल्या उत्तरातून आले आहे.

निघण्यापूर्वी: प्रश्न आणि एक पान

सर्वांत आधी हे तपासावे की आपल्या प्रश्नासाठी समुद्रातून नवे काही आणण्याची खरोखर गरज आहे का. आर्गो या आंतरराष्ट्रीय उपक्रमातले हजारो स्वयंचलित तरंगक जगभरच्या समुद्रांत सोडलेले आहेत. त्यातला प्रत्येक साधारण दर दहा दिवसांनी 2000 मीटर खोलीपासून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतो आणि उपग्रहामार्फत माहिती पाठवतो. ही माहिती कोणालाही विनामूल्य मिळते आणि हिंदी महासागरातल्या नोंदींचे काम हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रात चालते. खुल्या समुद्राच्या तापमानाविषयीचा प्रबंध साताऱ्यात बसून, एकही बाटली न भरता, उत्तम होऊ शकतो. खाडीतल्या किंवा किनाऱ्यालगतच्या प्रश्नांना हे तरंगक उपयोगी पडत नाहीत, तेथे स्वतः जावे लागते. पण जे आधीच मोजलेले आहे ते पुन्हा मोजण्यासाठी जीव मारणे किंवा कोणाचा वेळ घेणे हा पहिला दोष आहे आणि तो सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

जायचे ठरले की एक पान लिहावे. त्यावर प्रश्न, ठिकाणे, नमुन्यांची संख्या, भरती-ओहोटीची कोणती वेळ, मोजमापाची पद्धत आणि मुख्य म्हणजे ‘काय आढळले तर आपला अंदाज चुकला असे आपण मानू’ याचे स्पष्ट वाक्य असावे. पानावर तारीख घालून विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोघांनी सही करावी. नंतर आकडे हाती आल्यावर मन फार लवचिक होते. नको असलेले स्थानक ‘भांगाची (कमी उंचीची) भरती होती म्हणून’ वगळण्याचे कारण सहज सुचते. आधी लिहिलेले पान असले तर वगळता येते, पण वगळल्याचे सांगावे लागते.

परवानग्या

परवानगीचे काम कंटाळवाणे असते आणि ते मार्गदर्शकाने स्वतः करावे, विद्यार्थ्यावर ढकलू नये. कांदळवनात शिरायचे असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी आधी पत्रव्यवहार करावा. मालवणचा सागरी भाग 1987 पासून अभयारण्य आहे, तेथे वनखात्याच्या परवान्याशिवाय काहीही गोळा करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या अनुसूचीत प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या आणि काही शंखसुद्धा आहेत. विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगावे लागते, कारण पुळणीवर पडलेला प्रवाळाचा मृत तुकडा ‘प्रयोगशाळेच्या संग्रहालयासाठी’ पिशवीत टाकणे त्यांना निरुपद्रवी वाटते आणि आमच्या पिढीतल्या अनेक महाविद्यालयांच्या काचेच्या कपाटांत असे तुकडे लेबलासह मांडलेले आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर, म्हणजे माशांवरही, प्रयोग करायचे असतील तर संस्थेच्या प्राणी-प्रयोग नीती समितीकडे प्रस्ताव आधी जावा लागतो. मासा बाजारातून मेलेला विकत घेणे आणि जिवंत मासा टाकीत ठेवून त्याला सूक्ष्म प्लास्टिक खाऊ घालणे या दोन गोष्टी नीतीच्या दृष्टीने अगदी वेगळ्या आहेत.

महाराष्ट्रात साधारणपणे 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या काळात ‘संशोधनासाठी फक्त एक फेरी’ मारून आणा, असा आग्रह कोणत्याही नौकामालकाला करू नये. दंड झाला तर तो त्याला होणार आहे, आपल्याला नाही. ड्रोन उडवायचा असेल तर त्या भागातली बंधने आधी पाहावीत, कारण किनाऱ्यावर सुरक्षेची बाब येते.

परदेशी विद्यापीठाशी सहकार्य असेल तर प्रकरण वेगळ्या पातळीवर जाते. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाविषयक करार 1982 चा आहे, तो 1994 मध्ये लागू झाला आणि भारताने 1995 मध्ये त्याला संमती दिली. त्यानुसार दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात संशोधन करायचे तर त्या देशाची संमती लागते आणि प्रकल्पाची संपूर्ण माहिती किमान सहा महिने आधी द्यावी लागते. जैविक नमुने परदेशी जाणार असतील तर जैविक विविधता अधिनियम, 2002 लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा विचार करावा लागतो. टपालाच्या पाकिटातून गाळलेल्या कागदावरचे जीव ‘ओळख पटवण्यासाठी’ परदेशातल्या मित्राकडे पाठवणे ही सवय अजून पुरती गेलेली नाही, ती सोडावी.

या करारातले 249 वे कलम प्रत्येक मार्गदर्शकाने एकदा सावकाश वाचावे असे मला वाटते. संशोधन करणाऱ्या देशाने किनारी देशाला संशोधनात सहभागी होण्याची संधी द्यावी, अहवाल आणि निष्कर्ष द्यावेत, नमुने आणि माहिती उपलब्ध करावी आणि त्यांचा अर्थ लावण्यास साहाय्य करावे, असे ते सांगते. देशादेशांमधला हा व्यवहार आहे. पण बाहेरचा अभ्यासक येतो, घेतो आणि जातो, ही तक्रार देशांच्याच पातळीवर थांबत नाही. श्रीमंत देशांतले शास्त्रज्ञ गरीब किनाऱ्यांवर उतरून, स्थानिकांना न जुमानता, नमुने घेऊन जातात त्याला ‘पॅराशूट विज्ञान’ म्हणतात आणि आपण त्यावर परिसंवादांत तावातावाने बोलतो. शनिवारी घाट उतरून रविवारी रात्री परत येणारी आमची गाडी दाभोळच्या किंवा हर्णैच्या माणसाला कशी दिसत असेल, हा विचार त्या परिसंवादात कोणी मांडल्याचे मी ऐकलेले नाही. कोकणात आपल्याला ‘घाटी’ म्हणतात, त्यात नुसता भूगोल नसतो. म्हणून 249 व्या कलमातली चारही कर्तव्ये बंदराच्या पातळीवर उतरवावीत, म्हणजे सहभाग, अहवाल, माहिती आणि तिचा अर्थ समजावून देणे. पुढच्या टप्प्यांत तेच केले आहे.

बंदरावर पोचल्यावर

पहिल्या दिवशी काहीही मोजू नये. मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात जावे, आपण कोण, कोणत्या महाविद्यालयाचे, पैसे कोण देते आणि निष्कर्षांचे काय होणार हे मराठीत लिहिलेले एक पान द्यावे आणि नकाराची तयारी ठेवावी. संमती घेताना घाई दिसता कामा नये. मासळीचा लिलाव चालू असताना प्रश्नावली पुढे करणे हे असभ्य तर आहेच, पण त्या वेळी मिळालेली उत्तरेही विश्वासार्ह नसतात.

सही घेण्याबाबत थोडे तारतम्य ठेवावे. अनेक खलाशी कागदावर सही करायला नाखूश असतात, कारण आजवर सही घेणारी माणसे बहुधा कर्जाची किंवा चौकशीची होती. तोंडी संमती चालते, मात्र ती कोणासमोर, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत घेतली ते आपल्या वहीत लिहावे. मुलाखत मध्येच थांबवता येते आणि नंतर कधीही ‘माझे बोलणे काढून टाका’ असे सांगता येते, हे आरंभीच सांगावे आणि त्यासाठी मार्गदर्शकाचा दूरध्वनी क्रमांक त्या पानावर द्यावा. विद्यार्थ्याचा क्रमांक पुरेसा नाही, कारण विद्यार्थी दोन वर्षांत निघून जातो.

तांडेलांचे ज्ञान हा सर्वांत नाजूक भाग आहे. खाली खडक कोठे आहे, किती वाव खोलीवर कोणता मासा कोणत्या महिन्यात लागतो, उधाणाला खाडीच्या तोंडाशी पाणी कसे फिरते, हे सारे ते सहज बोलता बोलता सांगतात. हे त्यांचे पोटापाण्याचे ज्ञान आहे. मासळी मिळण्याची नेमकी जागा जीपीएसच्या अंशांसह प्रबंधात छापली तर पुढच्या हंगामात तेथे कोणाची मोठी नौका येईल याचा नेम नाही. म्हणून अशा जागा नकाशावर ठिपक्याने दाखवू नयेत, मोठ्या चौकोनाने दाखवाव्यात आणि चौकोन केवढा असावा हे सांगणाऱ्यालाच विचारावे. ज्याच्या माहितीमुळे नमुन्याची ठिकाणे ठरली त्याचे नाव, त्याची इच्छा असल्यास, ऋणनिर्देशात पूर्ण लिहावे. ‘स्थानिक मच्छीमारांचे आभार’ या तीन शब्दांत एका माणसाचे चाळीस वर्षांचे शहाणपण गुंडाळणे बरे नव्हे.

नौकेचे भाडे आणि माणसांचा दिवसाचा रोज ठरवून, पावतीसह, त्याच दिवशी द्यावा. प्रकल्पाचे अनुदान उशिरा येते ही आपली अडचण आहे.

नमुना घेताना

जेवढे लागते तेवढेच घ्यावे, हे तत्त्व सर्वांना मान्य असते आणि तरीही चाळीस खेकड्यांची गरज असताना साठ आणले जातात, ‘काही खराब झाले तर असावेत’ म्हणून. संख्येचे कारण त्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे. उलटवलेला दगड पुन्हा तसाच ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात. चिखलात चालण्याची वाट एकच ठेवावी.

समुद्राच्या तळावर आपल्या पावलांचा ठसा किती काळ टिकतो याचे एक उदाहरण शेतीच्या भागातल्या वाचकांना लगेच कळेल. 1989 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पॅसिफिक महासागरातल्या पेरू खोऱ्यात, 4,000 मीटरपेक्षा अधिक खोलीवर, नांगर आणि कुळवासारखे अवजार ओढून तळाचा एक भाग मुद्दाम विस्कटला. खनिज गोळ्यांचे खाणकाम झाल्यास जीवसृष्टीवर काय परिणाम होईल हे पाहण्याचा तो प्रयोग होता. 2015 मध्ये, म्हणजे 26 वर्षांनी, संशोधक पुन्हा तेथे गेले तेव्हा नांगरटीच्या सऱ्या स्पष्ट दिसत होत्या. आपल्या रानात एका पावसाळ्यात जे मिटते ते तेथे पाव शतकात मिटले नाही. भारतालाही मध्य हिंदी महासागरात अशा खनिज गोळ्यांच्या शोधासाठी 75,000 चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळालेले असल्याने हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. प्रयोग चुकीचा होता असे मी म्हणत नाही. त्यातून जे कळले ते दुसऱ्या मार्गाने कळले नसते. पण प्रयोगाची खूण कोण, किती वर्षांनी जाऊन पाहणार हे आधी ठरवलेले असावे लागते.

प्रयोगच समुद्रात करायचा असेल तर उत्तरदायित्व आणखी वाढते. 2009 च्या आरंभी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने दक्षिण महासागरात ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. नावातला ‘लोहा’ आपलाच. सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचे क्षार सोडून सूक्ष्म वनस्पती वाढतात का आणि त्यांच्याबरोबर हवेतला कार्बन खोल जातो का, हे पाहायचे होते. आदल्याच वर्षी जैवविविधता कराराच्या बैठकीत अशा लोहपेरणीवर बंधने घालण्याचे ठरले असल्याने मोठा गदारोळ झाला, जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने आक्षेप घेतला, प्रयोग काही काळ अडला आणि परिणामांचे पुन्हा परीक्षण झाल्यावरच पुढे गेला. निष्कर्ष असा निघाला की वनस्पती वाढल्या, पण त्या लहान जीवांनी खाऊन टाकल्या. त्या पाण्यात सिलिकाची कमतरता असल्याने सिलिकाचे कवच बनवणाऱ्या डायटम या सूक्ष्म वनस्पती फोफावल्या नाहीत आणि खोल गेलेला कार्बन अगदी थोडा होता. लोहपेरणीतून कार्बन विकण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांना हा निष्कर्ष गैरसोयीचा होता आणि तो उघडपणे प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना मी या प्रकरणातल्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवतो. परवानगी मागण्याआधी जहाज निघाले की नंतर चांगल्या हेतूचे स्पष्टीकरण देत बसावे लागते, आणि अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तर न लपवणे हाही उत्तरदायित्वाचाच भाग असतो.

आपल्या पातळीवरची बाब याहून साधी आहे. सूक्ष्म प्लास्टिक म्हणजे 5 मिलिमीटरहून लहान कण. ते शोधताना सर्वांत मोठा दूषक आपण स्वतः असतो. नायलॉनचा दोर, पॉलिस्टरचा टी-शर्ट, प्रयोगशाळेतला पंखा, या सर्वांतून तंतू नमुन्यात पडतात. प्रत्येक दिवशी एक कोरा नमुना ठेवावा. गाळलेले ऊर्ध्वपातित पाणी त्याच बाटलीत, त्याच नौकेवर न्यावे आणि त्याच गाळण्यातून गाळावे. त्यात जेवढे तंतू सापडतील ते आपले. त्या दिवशी कोणी कोणत्या रंगाचे कपडे घातले होते हेही लिहावे. कोऱ्या नमुन्यात काही सापडणे लाजिरवाणे नाही. कोरा नमुनाच न ठेवणे आणि मग ‘खाडीत प्रति लिटर इतके कण’ अशी वर्तमानपत्राला बातमी देणे हे मात्र अक्षम्य आहे, कारण त्या बातमीने दुसऱ्या दिवशी मासळीचा भाव पडू शकतो.

वही ही रोजमेळासारखी

सांगलीच्या हळद पेठेत ज्यांचे घर वाढले त्यांना रोजमेळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. व्यवहार झाला त्या दिवशी, त्याच क्रमाने, शाईने नोंद होते. पान फाडत नाहीत, आकडा खोडून गिरवत नाहीत, चूक झाली तर आडवी रेघ मारून शेजारी योग्य आकडा लिहितात. खतावणी नंतर तयार होते, पण वाद निघाला तर रोजमेळच पाहिला जातो. क्षेत्रकार्याची वही अगदी तशीच असावी. बांधलेली, पानांवर क्रमांक असलेली, आणि नौकेवर लिहिलेली. मुक्कामावर येऊन ‘स्वच्छ अक्षरात’ उतरवून घेतलेली वही ही खतावणी आहे. मूळ चिखलाचे डाग असलेली वही टाकून देऊ नये.

नोंदीत वेळ, ठिकाण, भरती की सुकती, उपकरणाचा क्रमांक, ते त्या दिवशी कोणी आणि कशाशी पडताळले, मोजणाऱ्याचे नाव आणि न घेता आलेले नमुने, हे सर्व असावे. रोज संध्याकाळी वहीच्या पानांची छायाचित्रे काढून ती महाविद्यालयाच्या खात्यावर पाठवावीत. माहितीची एक प्रत महाविद्यालयात, एक मार्गदर्शकाकडे आणि एक तिसऱ्या ठिकाणी असावी. हा सल्ला महापुराच्या भागात राहणाऱ्यांना वेगळा पटवून द्यावा लागू नये. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत किती कपाटे पाण्याखाली गेली हे आपण पाहिले आहे.

एकच प्रत ठेवण्याचे काय होते, यासाठी स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले प्रकरण विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. माशांची पिल्ले नेहमीच्या अन्नापेक्षा सूक्ष्म प्लास्टिक पसंत करतात, असा निष्कर्ष सांगणारा लेख 2016 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. त्याच संशोधन केंद्रावर काम करणाऱ्या इतर अभ्यासकांनी शंका घेतली की वर्णन केलेला प्रयोग तेथे त्या प्रमाणात झालेलाच दिसला नव्हता. मूळ माहिती मागितली तेव्हा ती ज्या लॅपटॉपमध्ये होती तो चोरीला गेल्याचे सांगण्यात आले. विद्यापीठाच्या पहिल्या चौकशीत वावगे काही आढळले नाही, परंतु देशपातळीवरच्या नीती परीक्षण मंडळाने 2017 मध्ये अप्रामाणिकपणा झाल्याचा निर्णय दिला, लेख मागे घेण्यात आला आणि पुढे विद्यापीठानेही गैरवर्तन मान्य केले. शंका घेणारे बहुतेक तरुण संशोधक होते. आपल्या विभागात एखाद्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या आकड्यांविषयी शंका आली तर त्याने ती कोणाकडे न्यायची, याचे उत्तर प्रकल्प सुरू होण्याआधी लिहून ठेवलेले असावे, आणि ते नाव मार्गदर्शकाचे नसावे.

चूक सापडल्यावर

येथे आमचीच चूक सांगतो. एका फेरीत दोन दिवसांची क्षारता अपेक्षेहून एकसारखी जास्त येत होती. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर आणायचा राहून गेला होता. विद्यार्थ्याने फरक ओळखला आणि सर्व आकड्यांतून दोन वजा करून तक्ता नीट केला, मला न सांगता. वजाबाकी कदाचित बरोबरही असेल. पण तक्त्यात ते आकडे मोजलेले म्हणून उभे होते आणि मूळ आकडे गेले होते. शेवटी आम्ही दोन्ही दिवस प्रबंधातून वगळले आणि कारण लिहिले. परीक्षकांनी त्यावर चांगले अर्धा तास छेडले. मुलगा घाबरला होता, पण उत्तीर्ण झाला.

दुरुस्ती करायची नाही असे नाही. आर्गोच्या माहितीत प्रत्येक आकड्याशेजारी दर्जाचा एक अंक असतो; 1 म्हणजे चांगला, 4 म्हणजे वाईट. वाईट आकडा पुसला जात नाही, त्याला 4 लागतो आणि तो तसाच राहतो. तरंगकाकडून आलेली माहिती लगेच खुली होते, तज्ज्ञांनी तपासून दुरुस्त केलेली आवृत्ती काही महिन्यांनी येते आणि दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी दिसतात. आपल्या एक्सेलच्या तक्त्यात हीच पद्धत सहज आणता येते: मूळ आकडा, दर्जा, दुरुस्त आकडा, दुरुस्तीचे कारण, करणाऱ्याचे नाव.

छापून आल्यावर चूक कळली तर? 31 ऑक्टोबर 2018 रोजी ‘नेचर’मध्ये महासागरांनी शोषलेल्या उष्णतेचा अंदाज हवेतल्या प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइडवरून काढणारा एक लेख आला. थोड्याच दिवसांत कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नसलेल्या एका इंग्रज अभ्यासकाने त्यातल्या अनिश्चिततेच्या गणितावर बोट ठेवले. लेखकांपैकी एक ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी ती चूक जाहीरपणे मान्य केली, कारण सांगितले, दाखवून देणाऱ्याचे श्रेय दिले आणि सप्टेंबर 2019 मध्ये लेख मागे घेऊन दुरुस्त काम पुन्हा प्रसिद्ध केले. हवामानबदल नाकारणाऱ्यांनी अर्थातच आनंद साजरा केला. त्या भीतीने गप्प बसण्याचा मोह किती झाला असेल याची कल्पना करता येते.

नावे, पैसा आणि बातमी

लेखावर कोणाची नावे यावीत यावर विभागांत जेवढी कटुता होते तेवढी दुसऱ्या कशावर होत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी ठरवलेले निकष समुद्रविज्ञानालाही पुरतात: कामाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिचे विश्लेषण करण्यात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाच्या अचूकतेबद्दल उत्तर देण्याची तयारी. हे चारही लागतात. प्रवासाच्या बिलावर सही करणे यात बसत नाही. नावांचा क्रम घाट उतरण्याआधी ठरवून लिहावा आणि काम बदलले तर सर्वांनी मिळून बदलावा. उलट, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या कोणी जीवांची ओळख पटवून दिली असेल आणि विश्लेषणातही भाग घेतला असेल, तर त्यांना लेखनाचे निमंत्रण देणे हे आपले कर्तव्य आहे.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे विनियम सर्वांना ठाऊक आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून काही जण दहा टक्के हा आपला कोटा समजतात. त्यावर अधिक लिहीत नाही.

पैसा कोणाचा हे पहिल्या पानावर, लेखात आणि बंदरावर दिलेल्या कागदावर सारखेच लिहावे. खाडीकाठच्या एखाद्या कारखान्याच्या निधीतून त्याच खाडीच्या पाण्याची तपासणी करणे निषिद्ध नाही, परंतु करारात ‘निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी निधी देणाऱ्याची मान्यता घ्यावी’ अशी ओळ असेल तर तो निधी घेऊ नये. वार्ताहराशी बोलताना नमुन्यांची संख्या आणि काळ सांगितल्याशिवाय निष्कर्ष सांगू नये. तीन ठिकाणचे एका आठवड्याचे पाणी म्हणजे कोकण किनारा नव्हे.

पुन्हा घाट उतरणे

परत जाण्याची तारीख प्रकल्पाच्या वेळापत्रकातच असावी आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात. आम्ही आता ही फेरी प्रबंध सादर करण्याच्या आधी ठेवतो, नंतर नव्हे. त्यामुळे तांडेलांनी ‘हे असं नसतं’ म्हटले तर दुरुस्तीला वाव राहतो. एकदा आम्ही खाडीतल्या प्लास्टिकचा वाढता आकडा पावसाच्या पहिल्या सरीशी जोडला होता. सोसायटीच्या कार्यालयात बसलेल्या चौघांनी एका सुरात सांगितले की त्याच आठवड्यात बंदीपूर्वी नौका किनाऱ्याला ओढून जुनी जाळी कापून दुरुस्त करतात आणि त्याचे तुकडे पाण्यात जातात. निळ्या-हिरव्या तंतूंचे कोडे तेथे सुटले. सांगणाऱ्याला आपल्याच लोकांविरुद्ध बोलतो आहोत याची जाणीव होती आणि तरी त्याने सांगितले. ते वाक्य प्रबंधात कसे लिहायचे, नाव घालायचे की नाही, बंदराचे नाव घालायचे की नाही, हे आम्ही त्याच बैठकीत ठरवले.

सोबत चार पानी मराठी अहवाल न्यावा, ज्यात तक्ते कमी आणि नकाशा मोठा असेल. एक प्रत सोसायटीला, एक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आणि एक जवळच्या शाळेला द्यावी. अहवालात आपल्याला जे कळले नाही त्याचाही परिच्छेद असावा. मूळ आकडे कोठे ठेवले आहेत आणि ते मागण्यासाठी कोणाला लिहायचे, हे शेवटच्या पानावर महाविद्यालयाच्या कायमच्या पत्त्यासह छापावे. पोच म्हणून सोसायटीच्या आवकवहीत नोंद करून घ्यावी आणि तिचा क्रमांक आपल्या क्षेत्रवहीच्या शेवटच्या पानावर लिहून, तारीख घालून, वही बंद करावी.